मागच्या सीटखालचा नट

ती. दादास,

मागची सीट उचलून पुढच्या सीटला टेकवली आहे, दहाचा पाना हातात आहे, आणि वर घरात आत्या बॅग भरते आहे. अशा अवस्थेत सा. न. तुझ्या गुडघ्याची चौकशी आधी करतो. तो रोज एकाच जागी, एकाच वेळी दुखतो असे वहिनींनी कळवले होते. सुखी आहेस. (माझ्या गाडीचे तसे नव्हते, म्हणून हे पत्र.)

गाडी तुला माहीत आहे. मध्यंतरी ती सकाळी चालू होईनाशी झाली. रोज नाही. रोजच चालू झाली नसती तर निदान सवय लागली असती. किल्ली फिरवली की एखाद्या दिवशी नुसते टक्क व्हायचे, एखाद्या दिवशी तेही नाही. शेजारी धक्का मारायला जमायचे, तोवर आत्या मागे बसायची, आणि गाडी सुरू व्हायची. शेजारी श्रेय घेऊन परत जायचे. गॅरेजमध्ये तर ती पहिल्या किल्लीला सुरू. मेकॅनिकने बॅटरी बदलली, मग सेल्फ बदलला, मग माझ्याकडे बघण्याची पद्धत बदलली. ‘साहेब, गाडीला काही झालेलं नाही,’ म्हणाला आणि पुढचे वाक्य त्याने गिळले. (गॅरेजला दर वेळी आत्या सोबत असायची. मला कोणीही गुंडाळतो असे तिचे मत असल्याने ती मागे बसून लक्ष ठेवायची.)

शेवटी खूण तिनेच ओळखली. ‘मी बसले की चालू होते बघ.’ मी हसलो. मग तिला उतरवून पाहिले, बसवून पाहिले, आणि हसणे थांबवले. तेव्हापासून ती रोज माझ्याबरोबर ऑफिसात येऊ लागली, कारण संध्याकाळी परतही यायचे असते. दिवसभर खाली टेलिफोनवरच्या मुलीशेजारी बसायची. त्या मुलीने रजेचा अर्ज आधी आत्याला दाखवला. मोठ्या साहेबांना माझे नाव अजून आठवत नाही, पण तिला ते आत्या म्हणतात. त्याआधी ती आमच्याकडे काय करायची ते आठव. खिडकीशी बसायची आणि विचारायची, ‘अरे, मी पंखा लावू का?’ तुझ्याकडेही तेच विचारत असेल. सहा महिने तुझ्याकडे, सहा महिने माझ्याकडे. तिची बॅग पूर्ण रिकामी झालेली मी पाहिलेली नाही.

काल तिला सर्दी होती. शेजाऱ्याच्या गाडीमागे दोरीने बांधून गाडी तिच्याशिवाय गॅरेजला नेली आणि मेकॅनिकने ती पहिल्यांदा बंद पाहिली. त्याचा चेहरा उजळला. या गाडीची बॅटरी मागच्या सीटखाली असते. तिची जाड काळी वायर जिथे गाडीच्या पत्र्याला धरते, तिथला नट सैल होता. वर वजन आले की सीट दाबली जायची आणि वायर टेकायची. (आपोआप चालू व्हायची त्या दिवशी मागे मुलांची दप्तरे असत.) त्याने नट आवळला. काम संपले.

‘झाली दुरुस्त,’ मी घरी येऊन म्हणालो.

‘काय होतं रे?’

‘सेल्फ.’

‘बरं,’ आत्या म्हणाली आणि तिने पलंगाखालून बॅग ओढली.

आज ऑफिसला एकटा गेलो. मोठ्या साहेबांनी लिफ्टपाशी थांबवले. आत्या कुठे, म्हणाले. गाडी दुरुस्त झाली, मी सांगितले. ‘अरेरे,’ ते म्हणाले.

तर ठरल्याप्रमाणे रविवारी तिला न्यायला ये. तिची तयारी झाली आहे. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा
धाकटा

ता. क. रविवारी येऊ नकोस. नट मी सैल केला आहे. गुडघा दुखतो म्हणून येता येत नाही, असे आत्याला कळव. (दुखतोच, तेव्हा खोटे लिहावे लागणार नाही.) तिला इथेच राहू दे.

पुन्हा ता. क. काल रात्री पाकीट चिकटवायचे राहिले होते. आज सकाळी गाडी चालू झाली नाही. हाक मारली. आत्या खाली आली, मागे बसली. तरी चालू झाली नाही. ती उतरली, सीट उचलली, आत हात घालून नट बोटांनी जरासा घट्ट केला, सीट खाली टाकली, रुमालाला हात पुसले आणि पुन्हा बसली. ‘इतका सैल नाही करायचा,’ म्हणाली. ऑफिसला वेळेवर पोचलो.