फुटाला आठ इंच

३ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं गुडघेदुखीचं पत्र पोचलं. जिना सारखा चढू नकोस. कविता म्हणत चढलास तरी गुडघ्यांना ती कळत नाही.

यंदा छप्पर उतरवून नवं करतेय. गळतं ते अजून तिथेच, आईची खाट होती तिथे. मी शाकारणी चुकवत आले म्हणून आई ओलीत खोकून गेली, हे तू वीस वर्षं ऐकवत आलायस. आता पुन्हा बोल नको. नवा सुतार विचारतो, उतार किती ठेवायचा. तू जन्मभर छपरं बांधलीस, मी गणवेश शिवले. जुना उतार कसा मोजायचा ते कळव.

लोभ आहे तो गळू देऊ नकोस.

तुझी धाकटी

९ मार्च

चि. धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सोपं आहे. फूटपट्टीचं एक टोक छपराला टेकव आणि पट्टी अगदी आडवी, जमिनीला समांतर धर. दुसऱ्या टोकापासून खाली छपरापर्यंत जितके इंच भरतील, तो उतार.

पण मोजतेस कशाला? आठ भरणार. बाबांनी आठच ठेवला होता. ते वर बसून वासे ठोकायचे, मी दप्तर टाकून खाली पावसाची कविता म्हणायचो. मोठ्याने म्हण, हातोडा तालात पडतो, म्हणायचे. सगळी कडवी अजून पाठ आहेत बघ! आठावर पाणी थांबत नाही. चारावर रेंगाळतं आणि कौलांतून आत शिरतं. तेव्हा आठच ठेव, आणि शाकारणीचा आळस आता तरी सोड.

लोभाची ओल राहू दे.

तुझा दादा

१६ मार्च

ती. दादास,
सा. न.

चार भरले. तीनदा मोजले. बाईमाणसाने शिडीवर चढून काय मोजलं म्हणशील, म्हणून आतूनही मोजलं. खोलीची रुंदी अठरा फूट, निम्मी नऊ. भिंतीच्या माथ्यापासून आढ्यापर्यंत छत्तीस इंच. भागिले नऊ, चार. टेप शिवणाची आहे, पाव इंचही सोडत नाही.

मग बाबांचे आठ गेले कुठे? शेजारच्या उंच भिंतीवर आपल्या जुन्या छपराची काळी रेघ अजून आहे. सुताराला चढवून तीही मोजली. टोक भिंतीच्या माथ्यापासून बहात्तर इंचांवर. भागिले नऊ, आठ.

बाबांनंतर छप्पर एकदाच उतरलं, ते तुझ्या हातून. मी शिवणवर्गाला बाहेरगावी होते. वासे वाळवीने खाल्ले, असं तू सांगितलंस. सुतार म्हणतो, आठाच्या उताराला भिंतीपासून आढ्यापर्यंत वासा दहा फूट दहा इंच लागतो. इथले साडेनऊ फुटांचे आहेत. तुझ्या माडीवरच्या सागवानी वाशांचं वहिनी येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुक सांगते. ते मोजून कळव.

तुझी धाकटी

२ एप्रिल

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

दहा फूट दहा इंच. प्रत्येकावर बाबांच्या पेन्सिलीची खूण आहे.

वाळवी नव्हती. माझं घर उभं राहत होतं, आणि तसा साग पुन्हा मिळणार नव्हता. आखूड वासे पडून होते, ते तिकडे चढवले. चारावर गळतं हे तेव्हाही ठाऊक होतं. म्हटलं, दोन पावसाळे निघतील, मग बघू. ते बघणं राहिलं. छप्पर का गळतं, असं आईने विचारलं, तेव्हा तोंडात तुझं नाव आलं, आणि एकदा आलं ते तिथेच बसलं.

वासे उतरवून पाठवतो. मी स्वतः येऊन चढवतो, गुडघे गेले खड्ड्यात.

लोभ उरला असेल तेवढा असू दे.

दादा

९ एप्रिल

ती. दादास,

वासे नकोत. सुताराने नवे कापले, उतार आठ. तूही येऊ नकोस.

घर फिरलं की घराचे वासे फिरतात म्हणतात. आपल्याकडे वासे आधी फिरले.

आई जायच्या आठवड्यात तिने मला विचारलं होतं, यंदा तरी शाकारलंस का. मी हो म्हटलं. खरंच शाकारलं होतं, एकेक कौल हाताने पुसून. तेवढ्यात तिच्या उशीवर थेंब पडला. ती रागावली नाही. नुसतं भिंतीकडे तोंड केलं. मीही तेव्हापासून धरून चालले, की एखादं कौल माझ्याकडून राहिलंच असेल.

गणित सुटलं, दादा. पण आईने फिरवलेलं तोंड फिरलेलंच राहिलं.

धाकटी