पाण्याची घंटा

प्रिय वीरू,

गावातल्या गावात पत्र पाठवते म्हणून हसू नकोस. परवा तुझ्या घरातून पिशवी उचलून शांतम्माकाकूंकडे आले ती रागानं, आणि राग अजून तस्साच आहे. समोर आले तर तू 'अक्का, अक्का' करत पायाला हात लावशील नि मी विरघळेन. ते मला नकोय.

नवा जिल्हा होऊन वर्ष झालं नाही, तर दहावीच्या निकालात लातूरचं नाव वर आणायला तुम्ही हेडमास्तरांनी कंबर कसली. शिकवून नव्हे! कॉपीविरुद्ध नवा कायदा आला, म्हणून तू बाहेरच्या कुणी ओलांडू नये अशी चुन्याची रेघ शाळेभोवती ओढलीस, पुढच्या दारात पोलीस बसवलास आणि आत फळ्यावर गणितं सोडवून दिलीस. मी निलंग्याहून पर्यवेक्षक म्हणून आलेली. बोलले तर म्हणालास, "अनुदान जाईल अक्का, गप बस बरं." माझ्या खोलीतला फळा मी पुसला, तर खिडकीतून चिठ्ठ्या येऊ लागल्या. एकटी केवळाबाईची सिंधू मान खाली घालून स्वतःचं लिहीत होती. बाकावर पडलेली चिठ्ठी तिनं कोपरानं खाली ढकलली, हे मी डोळ्यांनी पाहिलं.

भरारी पथकाची जीप फाट्यावर दिसली की आत इशारा हवा. त्यासाठी तुला सापडलं काय, तर आपल्या अप्पांची घंटा! बहात्तरच्या दुष्काळात शाळेच्या हौदावर टँकर आला की अप्पा ती सलग वाजवायचे, आणि यंदाच्या टंचाईतही गाव तिच्यावरच पाण्याला धावतं. तीच तू शिपायाला वाजवायला लावलीस. पोरांनी चिठ्ठ्या बाहेर फेकल्या. केवळाबाईचं घर शाळेच्या मागं, म्हणून घागर घेऊन सगळ्यांच्या आधी तीच पोचली. रेघेच्या आत, लेकीच्या खिडकीखाली, पायाशी चिठ्ठ्यांचा सडा. "घंटी झाली सायेब, पान्याला आलेय," ती सांगत राहिली. पथकाच्या साहेबांनी हौदात वाकून पाहिलं. हौद कोरडा!

सिंधूचा पेपर हिसकावला, मायलेकींवर केस झाली. मी मध्ये पडले तर साहेब म्हणाले, "केंद्रप्रमुखांनीच लिहून दिलंय, बाई." पंचनाम्यावर पहिली सही तुझी. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, इथं तर चोरानंच दोर वळून दिला. आणि त्या संध्याकाळी भाकरी मोडत तू हसून म्हणालास, "एक केस मिळाली, पथक खूश. सेंटर वाचलं." अप्पांचा मुलगा असं बोलतो? लाज वाटली रे मला.

काल खराच टँकर आला. घंटा वाजली, ड्रायव्हर हॉर्न देऊन थकला, पण बाया उंबऱ्यातून हलेनात. धोंडाबाई म्हणाली, "घंटीवर कोन भरोसा ठिवतंय आता?" सिंधू तर घराबाहेरच येत नाही. पुढचे पेपर बुडाले तिचे.

उद्या लातूरला चौकशी आहे. पहिल्या एसटीनं त्या दोघींना घेऊन मी जातेय. घंटा कुणी वाजवायला लावली आणि का, ते तुझं नाव घेऊन सांगणार आहे. नोकरी जाईल तुझी, या कायद्यात तुरुंगही आहे म्हणतात. रडू येतंय, पण जाणार. तुला हे परक्याच्या तोंडून कळू नये म्हणून लिहिलं. तू कॉपीवाल्यांना इशारा दिलास, हा माझा तुला. एसटीत शेजारची जागा धरून ठेवते. आलास तर तू स्वतः सांग, मी गप बसेन.

रागावलेली, तरी तुझीच,
उमाक्का