डबीतला देव

प्रिय शेफाली,

आत जातानाच तुझा मोबाईल जमा झाला, असं तुझ्या आईनं सांगितलं, म्हणून हा कागद. सिस्टर लोक पत्रं आधी वाचतात म्हणे. वाचू देत, मी कुणाला भीत नाही. तीन महिने कॉन्व्हेंटात राहून बघायचं आणि मग सिस्टर व्हायचं की नाही ते कायमचं ठरवायचं, हे तूच भोरच्या एसटी स्टँडवर सांगितलंस. आणि हेही, की मध्येच मी बोलावलं तर तुला जड जाईल. त्याच आठवड्यात दत्ता वर्गात म्हणाला, सार्थकची पोरगी देवानं पळवली. त्याच्या कानाखाली वाजवली आणि कॉलेजात परत पाऊल टाकलं नाही. आता मी वेल्ह्याला टेम्पो चालवतो.

दुसरा कुणी पोरगा असता तर धरणावर गाठून दोन दिल्या असत्या. ह्या देवाला कुठं गाठू? तू निघायच्या आदल्या रविवारी मी तुमच्या चर्चात, मिस्साच्या प्रार्थनेला मागं उभा होतो. फादरांनी तुझ्या हातावर ती पांढरी चकती ठेवली, तू तोंडात घातलीस, डोळे मिटलेस. माझ्यामुळं तुझा चेहरा असा कधीच झाला नव्हता. जळलो. तसाच रांगेत घुसून हात पुढं केले. फादर म्हणाले, ख्रिस्तशरीर. तिथं आमेन म्हणायचं असतं, मी म्हणालो, बरं. त्यांनी चमकून पाहिलं, पण तोवर मी वळलो होतो. आपल्याकडं प्रसाद एकट्यानं खात नाहीत, म्हणून रुमालात बांधून गुंजवण्याला घरी आणला. आईनं विचारलं, कुठल्या देवाचा रं? म्हणालो, शेफालीच्या. तिनं तो खाल्ला नाही. देव्हाऱ्यात मेंगाईच्या भंडाऱ्याशेजारी डबीत ठेवला.

तू म्हणायचीस, तो प्रसाद नाही, ख्रिस्त स्वतःच आहे. मग मला लई भारी वाटलं. तू त्याच्या घरात, तर तो माझ्या डबीत! रोज सकाळी झाकण उघडून भांडायचो, सोड तिला, मग तुला सोडतो. आई म्हणायची, दुसऱ्याच्या देवाला शिव्या देऊ नगं, बाबा.

मंगळवारी डबीला मुंग्या लागल्या. कडेचा तुकडा त्यांनी उचललाच होता. मला खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण मी भुईवर बसून एकेक मुंगी बोटानं बाजूला करत होतो, तुकडा सोडवून घेत होतो आणि रडत होतो. का, ते विचारू नकोस. त्या चकतीत काहीच नसतं तर मी एवढा घाबरलो कशाला असतो?

दुपारी भोरला जाऊन डबी फादरांपुढं ठेवली. शिव्या खायच्या तयारीनं गेलो होतो. त्यांनी डबीपुढं गुडघे टेकले. मग खराब झालेली ती चकती विसर्जनासाठी पाण्यात ठेवली आणि ती विरघळेपर्यंत मला बसू दिलं. मी हात कधी जोडले, मलाच कळलं नाही.

येत्या रविवारी तुझे तीन महिने भरतात. कागद आणला होता तो तुला बोलवायलाच. पहिल्या पानावर नुसतं 'ये' लिहिलं होतं. ते फाडलं. बोलावत नाही, राहा तू. जळणं काही थांबायचं नाही माझं. फक्त त्याला एवढं सांग, की त्या दिवशी मुंग्या मी हाकलल्या.

अजून तुझाच,
सार्थक