समुद्रवाले हुरड्याला आले

जामखेडजवळची वस्ती,
संक्रांतीनंतरचा सोमवार

तीर्थरूप भागूआत्यास,

आरतीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. (खरोखर ठेवलं असतं तर आशीर्वादाऐवजी "केसाला तेल का न्हाई गं" असं ऐकावं लागलं असतं, म्हणून पत्रातूनच ठेवते.) आम्ही सगळे खुशाल आहोत. तुझे गुडघे या थंडीत कसे आहेत? मामांच्या उसाला तोड आली की अजून टोळीच्या मुकादमाला चहा पाजणं चालूच आहे? आई विचारते आहे की गेल्या खेपेला दिलेली कारळ्याची चटणी संपली असली तर डबा तरी परत पाठव. फोन का केला नाही, असं म्हणशील. तू फोन स्पीकरवर टाकून ओट्यावर ठेवतेस, आमच्या घरची गोष्ट अख्खी आळी ऐकते आणि मधेच म्हैस ओरडली की तू तशीच उठून जातेस. त्यातून ही हकिगत मोठी आहे आणि ती सांगणारीला मधे कुणी टोकलेलं चालणार नाही.

तर माझ्या नोकरीचं तुला ठाऊकच आहे. म्हणजे कुठे आहे ते ठाऊक आहे. काय आहे ते आपल्या घरात कुणालाच धड ठाऊक नाही. अप्पा लोकांना "पोरगी पान्याच्या खात्यात हाय" एवढंच सांगतात आणि समोरचा माणूस आपल्या गावच्या नळयोजनेची तक्रार घेऊन बसतो. मालवणकडे आमचं समुद्राच्या अभ्यासाचं काम चालतं. पाणी किती तापलं, खडकांवरचं प्रवाळ किती उरलं, हे मॅडम आणि त्यांची शास्त्रज्ञ मंडळी पाण्यात उतरून बघतात. त्यांचं नाव छापून येतं. पण त्यांच्या पाठीवरच्या हवेच्या टाक्या, बाटल्या, दोऱ्या, जॅकेटं, होडीचं डिझेल आणि दुपारचं जेवण हे सगळं जागच्या जागी असावं लागतं, आणि ते बघणारी मी. या कामाला आता दोन वर्षांची मुदत वाढवून मिळाली आणि तू राहतेस का, म्हणून मॅडमनी विचारलं. इकडे अप्पांनी जामखेडच्या एका पतसंस्थेत वैजनाथभाऊंकडून माझ्यासाठी जागा धरून ठेवलेली. महिनाअखेर काय ते सांगायचं. मला राहायचं आहे, आत्या. अगदी मनापासून राहायचं आहे. पण अप्पांचा चेहरा पाडून राहायला जीव होत नाही.

म्हणून मी ही अक्कल चालवली, की कामावरची आपली माणसं अप्पांना एकदा दाखवावीत. ज्वारी हुरड्यात आली होतीच. मॅडमना वेळ नव्हता, पण आमची होडी चालवणारे तांडेल राधाकृष्ण आणि स्वयंपाक करणाऱ्या खोबरेकर काकी अशी दोघं गाडी करून निघाली. राधाकृष्णांनी उभ्या जन्मात घाट चढून देशावर पाऊल टाकलेलं नव्हतं. काकींनी रिकाम्या हाताने कसं जायचं म्हणून पोतंभर नारळ आणले, आणि घोटाळ्याला तिथूनच सुरुवात झाली. कारण पाण्याच्या खात्यातली माणसं नारळ घेऊन आलीत, ही बातमी वस्तीवर पसरायला वेळ लागत नाही. हातपाय धुऊन होतात न होतात तोच शेजारचे अंगदभाऊ येऊन उभे! बोअर घ्यायची आहे, तेवढं नारळ हातावर ठेवून आमच्या रानातून एक चक्कर मारा, म्हणाले. राधाकृष्ण भिडस्त माणूस. पाहुणचाराचा हाही एक भाग असेल असं समजून त्यांनी तळहातावर नारळ ठेवला आणि बिचारे अंगदभाऊंच्या तुरीतून अर्धा तास फिरले. खाली पाणी असलं की तळहातावरचा नारळ उभा राहतो म्हणतात, तो काही राहिला नाही. एका ठिकाणी ते ठेचकाळले तेव्हा मात्र अंगदभाऊंनी तिथे दगड रोवला. (तो अजून तिथेच आहे. बोअर लागली तर श्रेय कुणाला द्यायचं, यावर मी विचार करत नाही.)

हुरडा मात्र छान झाला. अप्पांनी स्वतः आगटी पेटवली, कणसं भाजली, गरम गरम चोळून दिली. आईची लसणाची चटणी, दही, गूळ, बोरं. काकींनी पहिला घास खाऊन डोळे मिटले आणि दुसऱ्या घासाला यात ओलं खोबरं हवं होतं असा निकाल दिला. आईला तो बोचला, पण पाहुण्या बाईला काय बोलणार? मी अप्पांकडे बघत होते. ते सगळं आग्रहाने वाढत होते आणि नोकरीबद्दल चकार शब्द काढत नव्हते. मग पोटं जड झाली. अप्पा लिंबाखाली आडवे झाले, आई आणि काकी बोलता बोलता ओसरीवरच लवंडल्या आणि मला खाटेवर कधी डोळा लागला ते कळलं नाही. जागे राहिले एकटे राधाकृष्ण.

आता आमच्या कामाची एक रीत तुला सांगायला हवी. खारं पाणी लोखंड खातं. म्हणून होडी किनाऱ्याला लागली की जे जे बाहेर गेलं होतं ते ते आधी गोड्या पाण्याने धुवायचं. टाक्या, साखळ्या, नांगर, इंजिन, माणसाचे पाय, सगळं. ते झाल्याशिवाय कुणी जेवायला बसायचं नाही. ही शिस्त मीच लावली, आणि मॅडमना सुद्धा ती चुकत नाही. राधाकृष्णांच्या अंगात ती इतकी भिनली आहे, की कष्टाच्या माणसाच्या घरी पोटभर खाल्लं, आता आपण त्याच्या काय उपयोगी पडावं, असा विचार आल्यावर त्यांचे हात आपोआप पाइपाकडे गेले. आम्ही जागे झालो तेव्हा ट्रॅक्टर धुऊन झाला होता. नांगर, कुळव, पेरणीचं यंत्र, दोन्ही खुरपी, विळे, गाईंच्या साखळ्या, जुनी बैलगाडी (जिला गेली कित्येक वर्षं फक्त कोंबड्या वापरतात) आणि कोंबड्यांपैकी ज्या पळाल्या नाहीत त्या, सगळं लखलखीत. राधाकृष्ण ओले पाय झाडत, लाजत उभे. आणि आपली टाकी कोरडी ठणठणीत!

नळ आपल्याकडे आठवड्याने येतो, आणि तो आदल्याच दिवशी येऊन गेला होता. विहिरीत जे काही आहे ते ज्वारीसाठी राखलेलं. गाईंना पाजायला सुद्धा बादली उरली नव्हती. आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं, गेली नोकरी, आता पतसंस्थेच्या पासबुकांवर शिक्के मारत बसायचं. अप्पा उठले, टाकीवर चढून आत डोकावले, खाली उतरले आणि शांतपणे म्हणाले, "पाव्हनं, टॅक्टरला चिखल हुता, मीठ न्हाई." राधाकृष्णांना चूक कळली तेव्हा त्या माणसाला रडूच फुटायचं राहिलं. "खारा पाणी लागला काय धुवक होया," ते पुन्हा पुन्हा सांगू लागले, "आरतीताय सोडणत नाय, काका." मग काकींनीही तोंड उघडलं. ताईने सामान बघून मान हलवल्याशिवाय होडी सुटत नाही, एकदा एक बडे पाहुणे जॅकेट घालायला तयार नव्हते तर ताईने त्यांना किनाऱ्यावरच बसवून ठेवलं, असं सगळं त्यांनी सांगून टाकलं. (मोठे पाहुणे होते, आत्या. तेव्हाही नोकरी गेली असंच वाटलं होतं.) मी मनात म्हटलं, काकी, पुरे, आगीत तेल ओतू नका.

अप्पांनी ऐकून घेतलं. मग अंगदभाऊंच्या विहिरीवरून ड्रम भरून आणायला निघाले आणि राधाकृष्णांना बरोबर नेलं. तासाभराने परत आले ते दोघं हसत आले. वाटेत जो भेटेल त्याला अप्पा धुतलेल्या ट्रॅक्टरची गोष्ट सांगत होते म्हणे, आणि शेवटी "आमच्या पोरीची शिस्त हाय ती" असं जोडत होते. हे मला राधाकृष्णांनी निघताना सांगितलं. अप्पांनी मला काहीच सांगितलं नाही. पण त्या रात्री मी पोटभर जेवले.

बाकी सगळं ठीक. मामांना नमस्कार. गुडघ्यांना जप.

तुझी,
आरती

ता. क. : सहज आठवलं म्हणून लिहिते. पुढच्या आठवड्यात तुला फार काम नसेल तर चार दिवस इकडे येशील का? हवापालट होईल.

आणखी ता. क. : सहज नाही. दोन गाई आहेत, धारा काढायच्या आहेत आणि डेअरीला दूध घालायचं आहे. अप्पा म्हणतात, मी स्वतः तिथं येऊन सगळं डोळ्यांनी बघीन आणि मगच पतसंस्थेला काय ते कळवीन. आईलाही नेणार आहेत. माझं सगळं आता या एका फेरीवर आहे आणि फेरी तुझ्यावर. नाही म्हणू नकोस. डब्याचं मी आईला समजावते.

भागू, पत्र टाकाया माझ्याकडं दिलं हुतं, ते उघडून लिवतोय. हे आळीला वाचून दाखवताना एवढं मनात वाच. वैजनाथला मी परवाच न्हाई म्हनून आलोय. पोरीला सांगितलं न्हाई, तू बी सांगू नको. आत्ताच व्हय म्हनलो तर ती खूश हून उद्याच्या गाडीनं एकटीच निघून जाईल, आन मला तिच्यासंगट जायचंय. तांडेल म्हनतो, तिनं मान हलवल्याबिगर होडी सुटत न्हाई. त्या होडीत मला बसायचंय आन सुटायच्या आदी तिच्याकडं बघायचंय. तू ये.

तुझा दादा