दुसरी सही

मुलुंड (पूर्व)
३ नोव्हेंबर २०२५

प्रिय क्षमा,

नमस्कार. मी बरा आहे, असं रक्ताचा रिपोर्ट म्हणतो. त्या लॅबवर माझा भरवसा नाही, म्हणून दुसरीकडेही रक्त देऊन आलोय. तुझा बोरिवलीचा पत्ता आपल्या एडिटिंगमधल्या दीप्तीने दिला. तोही पोस्टात जाऊन पिनकोडसकट ताडून घेतला. निवृत्त झालो तरी खोड जात नाही.

सोळा वर्षांनी पत्र कशाला, फोन का नाही, असं वाटेल. फोनवर तू गप्प राहिलीस तर का गप्प आहेस ते कळायचं नाही, म्हणून.

आपल्या 'चौकस' कंपनीला पंचवीस वर्षं झाली. पुस्तिका निघतेय आणि इतिहास लिहायचं काम सुयोग नावाच्या नव्या मॅनेजरने माझ्या गळ्यात मारलंय. मी सुरुवात अंधेरीच्या एमआयडीसीपासून केली. बिस्किटांच्या कारखान्यावरच्या दोन खोल्या आणि दुपारी सगळ्या टेपांना येणारा वेलचीचा वास. आधी विज्ञानाचा चॅनल, मग प्राण्यांचा, मग इतिहासाचा, मग आरोग्याचा. पुढे परदेशी मालक आले, आरोग्य बंद पडलं आणि इतिहासाच्या चॅनलवर भुतं नाचायला लागली. हे शेवटचं वाक्य सुयोगने काढून टाकलं. गोड बोलतो, अशा माणसांवर नजर ठेवावी लागते.

आपल्या हिरव्या चिठ्ठ्यांवर मात्र दोन पानं लिहिलीत. निवेदनातल्या प्रत्येक माहितीला एक चिठ्ठी आणि तिच्यावर दोघांच्या सह्या. दुसऱ्याने वेगळ्या ठिकाणी स्वतः चौकशी करायची. "पहिली सही बघून दुसरी करायची नाही," हे नाडकर्णी साहेबांचं वाक्य मी ठळक छापायला सांगितलंय.

आता मुद्द्याचं. सुयोगने स्वतः एक परिच्छेद घातलाय: 'पंचवीस वर्षांत एकच गंभीर चूक झाली. क्षमा गोरे यांनी दुसऱ्या सहीशिवाय मजकूर पुढे पाठवला. त्यांना तत्काळ दूर करण्यात आलं.' तुझ्या नावासकट! विक्रोळीच्या कामगारांवरचा तो कार्यक्रम. मला हे आवडलेलं नाही. सांगितलंस तर नाव काढायला लावतो.

ती चिठ्ठी दप्तरात नाही. मला निर्माता राजेशचा संशय आहे. त्याला प्रसारणाची घाई होती. स्टोअरवालाही काही कमी नव्हता. की तू तेव्हा झेरॉक्स काढून ठेवली होतीस? असेल तर तिच्यावर नेमकं काय दिसतं, तेवढं कळव. पुस्तिका सतरा तारखेला छापायला जाते.

तुझा,
श्यामकांत


मुलुंड (पूर्व)
१२ नोव्हेंबर २०२५

प्रिय क्षमा,

तुझं कार्ड मिळालं. 'झेरॉक्स माझ्याकडे नाही. निश्चिंत राहा.' एवढंच. मी ते पाच-सहा वेळा वाचलं. निश्चिंत कशासाठी राहायचं, हे तू लिहिलं नाहीस आणि मला ते विचारायची हिंमत नाही. तुला माहीत आहे. मला वाटतं, पहिल्या दिवसापासून माहीत होतं.

चिठ्ठी राजेशने नेली नाही. ती माझ्याकडे आहे. आमच्या माळ्यावर, गणपतीच्या मखराच्या खोक्यात. दरवर्षी मखर काढताना ती हाताला लागते आणि मी ती पुन्हा तळाशी सारतो.

त्या संध्याकाळी मला मूर्ती आणायला जायचं होतं. बायको दुकानापाशी वाट बघत उभी होती. टेबलावर तुझी चिठ्ठी होती: 'फिटर दत्ताराम परब आज हयात नाहीत.' खाली तुझी सही. ऑफिसात सगळ्यांवर संशय घेणारा मी, एका तुझ्यावर कधी घेतला नाही. सही बघितली आणि खाली माझी ठोकली. तू वर काय लिहिलं होतंस ते वाचलंही नाही: 'युनियनच्या यादीत मृत. घरचा फोन बंद. माणूस पाठवून विचारल्याशिवाय दुसरी सही नको.'

पुढचं तुझ्यासमोरच घडलं. परब विक्रोळीच्या चाळीत जेवता जेवता टीव्हीवर स्वतःच्या मरणाची बातमी ऐकत होते. गावच्या भाऊबंदांनीही ती ऐकली आणि परबांचा फोन त्यांनाही लागेना, म्हणून त्यांनी आंघोळी करून सुतक धरलं. खरं कळेपर्यंत चतुर्थी उलटली होती आणि त्यांच्या मूळ घरात त्या वर्षी गणपती बसला नाही. म्हातारा आणि त्यांची बायको विमलाबाई अंधेरीला आले, ते अजून डोळ्यांसमोर आहे. "मी मेलंय म्हणान तुमी सांगितलात. आता जितो आसंय ह्यां गावाक कोण सांगतलो?"

साहेबांनी मला विचारलं आणि मी म्हणालो, "चिठ्ठी माझ्याकडे आलीच नाही." चिठ्ठी तेव्हा माझ्या डब्याच्या पिशवीत होती. तू माझ्याकडे बघितलंस. ओरडली असतीस तर बरं झालं असतं. तू टेबल आवरलंस आणि गेलीस. सोळा वर्षं मी धरून चाललोय की एक दिवस तू झेरॉक्स घेऊन येशील. मागचं पत्र मी तेवढ्यासाठीच लिहिलं. तुझं नाव वाचवायला नाही, तुझ्याकडे काय आहे ते काढून घ्यायला. याची मला फार लाज वाटते.

काल अंधेरीला जाऊन मूळ चिठ्ठी सुयोगच्या हातात दिली आणि पोच घेतली. त्याचा परिच्छेद खोडून मी नवा लिहिला. चूक कोणाची, खोटं कोण बोललं, कोणाला विनाकारण जावं लागलं, तिन्ही नावासकट. तो म्हणाला, "काका, जुनं कशाला उकरताय? तुमचाच फोटो पहिल्या पानावर आहे." मी म्हटलं, "मग फोटो काढ." छापतो म्हणालाय. मला खात्री नाही.

परबांच्या घरी मी कधीच गेलो नाही. ते आता खरोखरच गेले, असं दीप्ती म्हणाली. तू दरवर्षी त्यांच्याकडे गणपतीला जायचीस, हेही तिच्याकडूनच कळलं. रविवारी विमलाबाईंकडे जातोय. फोन लागला तरी जाणार आहे.

नव्या परिच्छेदाची प्रत सोबत आहे. खाली माझी सही आहे आणि तिच्याशेजारी एक जागा मोकळी ठेवलीय. माझी सही बघून करू नकोस. सुयोगला फोन कर, चिठ्ठी खरंच पोचली का ते विचार, नवा मजकूर त्याच्याकडून वाचून घे. पटलं तरच कर. नाही केलीस तरी मी समजेन.

पहिली सही,
श्यामकांत