डावीकडे जरा सैल

बाई,

काल तुमची मापांची वही हाती लागली. कैनाड गावच्या त्या नव्या सुनेचं पान उघडलं आणि इतक्या वर्षांनीही माझे कान गरम झाले. वाणगावच्या बाजारात तुमच्या शिवणक्लासात मी नवीन होते. पडद्यामागे तिचं माप घेतलं आणि बाहेर येऊन मोठ्या शहाणपणाने म्हणाले, "हिला दिवस गेलेत वाटतं." समोर तिची सासू बसलेली. दोघी गेल्यावर तुम्ही मशीन थांबवलंत. "पडदा काय शोभेला लावलाय का गं? बाईच्या अंगाचं जे दिसेल ते आतच ठेवायचं. तिचं ती सांगेल." आठवडाभर मला नुसती हुकं लावायला बसवलंत आणि आठवडा संपल्यावर स्वतःची कात्री माझ्या हातात दिलीत. धार लावून लावून तिचं पातं आता अरुंद झालंय.

नोटा बंद झाल्या त्याच्या आधीची दिवाळी. तुम्ही पडद्यामागे उभ्या आहात, मी टेप धरलीय. "डावीकडे जरा सैल ठेव," तुम्ही म्हणता. मी विचारते, "किती?" "ठेव गं अर्धा इंच." तुम्ही आरशात बघत नाही, माझ्याकडेही नाही. संक्रांतीला पुन्हा अर्धा इंच. दुसऱ्यांच्या ब्लाऊजची शिवण उलटी करून तपासणाऱ्या तुम्ही स्वतःचं मात्र सैल करत राहिलात, याचा मला अजून राग येतो. गुपचूप मलम लावत होतात आणि लग्नसराई उरकायची वाट बघत होतात, हे नंतर कळलं.

होळीनंतर हात वर जाईना, तेव्हा कुठे आपण डहाणूला दवाखान्यात गेलो. मग तपासणीला वलसाड, रिपोर्टला पुन्हा वलसाड, तिथून मुंबई, तिथे पुढची तारीख. प्रत्येक टेबलावर एकच प्रश्न, इतके दिवस काय करत होतात? तुम्ही म्हणालात, "ब्लाऊज शिवत होते." डॉक्टरीणबाई हसल्या नाहीत. उपचार सुरू झाले तेव्हा पावसाळा संपत आला होता. पुढचा पावसाळा तुम्ही बघितला नाहीत.

आता माझा क्लास तलासरीत आहे. पडदा आहेच. आतलं मी अजूनही बाहेर नेत नाही, पण पडद्याच्या आत विचारते. परवा एका पाड्यावरची बाई म्हणाली, "इकडे जरा ढिला ठेवा." मी टेप खाली ठेवली आणि तिला स्टुलावर बसवलं. "दुखतं का? कधीपासून?" आधी ती चिडली, मग रडली. दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर सरकारी दवाखान्यात गेले. तिचा ब्लाऊज अजून कापलेला नाही.

हे पत्र टाकणार कुठे? वहीतल्या तुमच्या पानावरच ठेवते. सगळ्यांना मी सांगत आलेय, बाईंचं मला होळीला कळलं. पण त्या दिवाळीत टेप ओढताना माझ्या बोटांना ती गाठ लागली होती, बाई. मी क्षणभर थांबले. मी थांबले, हे तुम्हालाही कळलं. मग मी वहीत छत्तीस लिहिलं.