टेपचं दुमडलेलं टोक

प्रिय मुंगे,

तू म्हणशील, बाबांना पत्र लिहायची बुद्धी कुठून झाली, फोन काय झिजला होता? पण फोनवर माझं कसं होतं ते तुला माहीत आहे. 'जेवलीस का' आणि 'तब्येत कशी' इथपर्यंत माझी गाडी जाते आणि तिथेच बंद पडते. परवा जावईबापूंचा फोन आला होता. सातव्या महिन्यात तू तपासणीला चालत जातेस, दारात गाडी उभी असताना, असं म्हणाले. रागानं नाही, काळजीनं सांगत होते. आणखी एक गोष्ट सांगितली त्यांनी. ती ऐकल्यापासून माझं चित्त थाऱ्यावर नाही. तिच्याकडे येतो, पण आधी थोडं इकडचं लिहू दे, म्हणजे हात सैल होईल.

मी आपल्या गाडीवरची ताडपत्री काढली. नऊ वर्षांनी. झालं असं, की महिन्यापूर्वी एक निवृत्त दातांचे डॉक्टर गॅरेजवर आले. त्यांच्याकडे अगदी आपल्यासारखीच जुनी गाडी आहे, तेच गोल डायल, तेच हस्तिदंती रंगाचं स्टिअरिंग. पण डॅशबोर्डवरचे धोक्याचे दिवे, ऑइलचा, चार्जिंगचा, ब्रेकचा, एकही धड लागत नाही. आधीच्या कुणा महाभागानं सगळी वायरिंग कापून जिथे तिथे लाल वायर जोडून ठेवलेली. सगळीच लाल! कोण कुठून आली आणि कुठे चालली, ब्रह्मदेवाच्या बापालाही सांगता यायचं नाही. डॉक्टरांना मात्र ती कारखान्यातून निघाली तशीच हवी, कापडी वेष्टणाच्या वायरी, ज्या त्या रंगाच्या, ज्या त्या वाटेनं. त्यासाठी नमुना पाहिजे होता. आणि मूळ वायरिंगचा नमुना माझ्या माहितीत एकच होता, तो माझ्या शेडमध्ये.

मी आठ दिवस चालढकल केली. मग एका सकाळी डॉक्टरांनी आणि मी मिळून ताडपत्री ओढली. समोरचा भाग चेपलेला आहे तसाच आहे, पण डॅशबोर्डला ओरखडासुद्धा नाही. ड्रायव्हरची सीट, दादाची, मी अपघातानंतर लगेच काढून टाकली होती. तिथे लाकडी खोका ठेवून मी बसलो आणि काम सुरू केलं. डॉक्टर मोठा गमतीचा माणूस आहे. दात बघायचा तो दांडीचा छोटा आरसा घेऊन येतात, डॅशबोर्डखाली उताणे झोपतात आणि मला म्हणतात, जरा अजून उघडा. मी एक वायर सोडवली की ते वहीत तिचा रंग लिहून घेतात. तू असतीस तर त्यांच्याशी तुझं चांगलं जमलं असतं. फ्रॉकच्या खिशात माझे स्क्रू भरून पळणारी मुंगी तू. शाळेच्या दप्तरातून एकदा अख्खा डायनॅमोचा ब्रश निघाला होता तुझ्या.

हजेरी आठवते ना? किल्ली अर्धी फिरवायची, इंजिन चालू करण्याआधी दिव्यांची हजेरी घ्यायची, मोठ्यानं. ऑइल? हजर. चार्जिंग? हजर. ब्रेक? हँडब्रेक ओढलेला असतो, म्हणून तोही हजर. तिघं बोलले की मगच पुढे. तुम्हा दोघांना मीच शिकवलं ते. दादानं दोन दिवसांत सोडून दिलं, शाळा सुटली म्हणायचा आणि सरळ स्टार्टर मारायचा. तू मात्र एकोणिसाव्या वर्षीही घ्यायचीस, शेजारी मैत्रिणी हसत असल्या तरी.

दादा गेल्यावर आपल्या घरात काय झालं ते मी तुला सांगायला नको. तोंड दाबून बुक्क्यांचा मार तू खाल्लास. आदल्या दिवशी तू लायब्ररीतून गाडी आणलीस ती अर्धा हँडब्रेक तसाच ठेवून, घरी आल्यावर जळका वास आला आणि तूच येऊन आम्हाला सांगितलंस. दुसऱ्या दिवशी सकाळी टेकडीच्या उतारावर दादाचे ब्रेक लागले नाहीत. फिटरनं मागची चाकं उघडली, आतलं काळं पडलेलं बघितलं, आणि सगळ्यांना उत्तर मिळालं. मामा म्हणाला, पोरीनं ब्रेक जाळले. आई तसं एका शब्दानं बोलली नाही, फक्त एकदा म्हणाली, लाल दिवा नाकासमोर पेटलेला असतो, तो दिसत कसा नाही? त्यानंतर सहा वर्षं ती तुझ्या हातचा चहा घेत राहिली, पण तुझ्याकडे बघून घेतला नाही. शेवटच्या आजारपणात तू तिचं सगळं केलंस. तेव्हाही नाही.

आता डॉक्टरांचं सांगतो. गेल्या मंगळवारी आम्ही ब्रेकच्या दिव्यापाशी पोचलो. डॉक्टरांनी आरसा आत धरला आणि म्हणाले, ही एक वायर दिव्यापासून सोडवून टेप गुंडाळून ठेवलीय, हे कुणी केलं? मी म्हणालो, असेल कुणी अर्धवट कारागीर. चोराच्या मनात चांदणं, इतक्या पटकन म्हणालो. ते म्हणाले, अर्धवट कसला, काम तर सुबक आहे, टेपचं टोक बघा कसं दुमडून ठेवलंय, पुढच्या माणसाला सोडवताना नख लागावं म्हणून. बोलता बोलता थांबले. पंधरा-वीस दिवस ते माझ्या शेजारी बसून माझं काम बघत होते, मुंगे. मी प्रत्येक टेपचं टोक दुमडतो, माझ्या उस्तादांनी लावलेली सवय. त्यांनी त्या टोकाकडे पाहिलं, माझ्या हातांकडे पाहिलं, आरसा पुसून खिशात ठेवला आणि उद्या येतो म्हणून निघाले. 

ती वायर मी काढली होती. दादा गेला त्याच्या आधीच्या सोमवारी. वळणावर ब्रेकचा दिवा मधूनच लुकलुकायचा. मी म्हटलं, या गाडीत हँडब्रेकचा स्विच खराब होतोच, शंभर गाड्यांत पाहिलाय. स्विचपर्यंत पोचायचं तर सीट काढावी लागते, दिव्यामागची वायर मात्र दोन बोटांवर होती. ती ओढली, टेप लावली, रविवारी निवांत बघू म्हटलं. पण तो एकच दिवा दोन कामं करतो. हँडब्रेक ओढला की लागतो, आणि ब्रेक ऑइल कमी झालं तरी लागतो. वळणावर बॉनेटखालच्या बाटलीतलं उरलंसुरलं ब्रेक ऑइल एका बाजूला जातं, म्हणून तो वळणावर लुकलुकत होता. पोरासोराला कळेल असं होतं. दुसऱ्यांच्या गाड्यांचं बॉनेट आधी उघडणारा मी, आपल्या गाडीचं उघडलं नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

अपघातानंतर गाडी ओढून आणली तेव्हा मी बॉनेट उघडलं. बाटली कोरडी होती. पाइप गंजानं खाल्लेला. बाकीच्यांना वाटलं धडकेत फुटला, पण गंज काही धडकेत लागत नाही. मला त्या क्षणी सगळं कळलं. मागे मामा आणि फिटर हँडब्रेकबद्दल बोलत होते. मी बॉनेट बंद केलं.

आणि तू तेराव्या दिवशी माझ्यापाशी आलीस. म्हणालीस, बाबा, त्या दिवशी लायब्ररीपाशी हजेरी घेतली तेव्हा दोघंच बोलले असं मला आठवतंय, ब्रेकचा बोलला नाही, आणि घाईत मी तशीच निघाले. मी काय म्हणालो ते तुला पाठ असेल. त्या गडबडीत तुला काय आठवणार, म्हणालो. पुन्हा तू कधी विचारलं नाहीस. मला वाटलं होतं, खरं सांगितलं तर तुझी आई मला सोडून जाईल. एक मूल गेलं होतं, दुसरं मी माझ्या हातानं देऊन टाकलं, आणि संसार वाचवला म्हणून बसलो. आईला सांगायचं राहिलंच. ते आता कुठल्याच पत्रानं होणार नाही. मामाला मी काल जाऊन सांगितलं. तो उठून आत गेला, बाहेर आला नाही.

जावईबापू म्हणाले, तू त्यांना सांगितलंस की बाळाला माझ्या एकटीजवळ ठेवू नका, माझं लक्ष नसतं, माझ्या डोळ्यांसमोरचं मला दिसत नाही. हे पत्र त्यासाठी आहे. माफी मागायला नाही, तेवढं तोंड मला नाही. पाकिटात एक वायरचा तुकडा आहे, काळ्यावर हिरवी रेघ असलेला. त्यावरच्या टेपचं टोक बघ, दुमडलेलं आहे. ते जावईबापूंनाही दाखव. तुकडा कापल्यावर तिथे मी नवी वायर जोडली, नवी बॅटरी लावली, खोक्यावर बसून किल्ली अर्धी फिरवली आणि हँडब्रेक ओढला. चार मिनिटांचं काम होतं. दिवा इतका लख्ख लागला की माझ्यासारख्या चष्मेवाल्याला उन्हातही चुकायचा नाही. तुझे डोळे चांगले आहेत. तुझं लक्षही चांगलं आहे, घरात सगळ्यांत चांगलं तुझंच होतं. तू हजेरी बरोबर घेतली होतीस. तिसरा गैरहजर होता, मुंगे, आणि ते फक्त तुला दिसलं होतं.

तुझाच,
बाबा